माळ्यावरचे खोके

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी दरवर्षी एक खटला चालतो. न्यायासनावर आमच्या सौभाग्यवती असतात, आरोपीच्या पिंजऱ्यात मी असतो आणि मुद्देमाल म्हणून माळ्यावरचे एकेक सामान खाली उतरत असते. "हे कशासाठी ठेवलंय?" एवढा एकच प्रश्न, पण त्याला समाधानकारक उत्तर मला अठरा वर्षांत एकदाही देता आलेले नाही. मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांची वाण कशी पडेल, असे लोकांना वाटते. त्यांनी एकदा बोईसरला यावे आणि आमच्या माळ्याखाली उभे राहून पाहावे.

यंदा सर्वांत आधी खाली आले ते एक अस्वल. चांगले मखमली, पण एक कान गळालेला आणि पोटातला कापूस शिवणीतून डोकावणारा. कन्येच्या तिसऱ्या वाढदिवसाला ते घरात आले होते. कन्या आता अकरावीत आहे, त्यामुळे अस्वलाच्या बाजूने बोलायला कोणी उरले नव्हते. "अहो, हा टेडी आता काढून टाकू या," असा निकाल होणार, तोच सातवीतल्या आमच्या चिरंजीवांनी विचारले, "बाबा, याला टेडी का म्हणतात?"

मास्तराच्या घरात प्रश्न विचारणे हे मोठ्या जोखमीचे काम! खटला तहकूब झाला आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून माझे व्याख्यान सुरू झाले. टेडी हे थिओडोर या नावाचे घरगुती रूप. थिओडोर रूझवेल्ट सप्टेंबर १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बेचाळीस. बड्या मक्तेदार कंपन्यांना त्यांनी कायद्याचा लगाम घातला, खाण्यापिण्याच्या जिनसांत भेसळ होऊ नये म्हणून १९०६ मध्ये कायदा आणला, जंगले राखली. आणि जंगले राखणाऱ्या या गृहस्थांना शिकारीचा नाद मात्र भारी! १९०२ साली मिसिसिपीत ते शिकारीला गेले असता बरोबरच्या मंडळींनी एक अस्वल झाडाला बांधून त्यांच्यासमोर उभे केले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणार नाही, असे ते म्हणाले. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, ते पाहून ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने खेळण्यातले अस्वल केले, आणि त्या अस्वलाचे वंशज आमच्या बोईसरच्या माळ्यापर्यंत येऊन पोहोचले.

"ते दिसायचे कसे?" कन्येने विचारले. मी पुस्तकातला फोटो शोधायला उठणार, तोपर्यंत चिरंजीवांनी फोन पुढे केला. फोनवर रूझवेल्ट चालत होते, हात हलवत होते, बोलत होते. आवाज अर्थात नाही. तो जमाना मूकपटांचा.

वाचकहो, त्या दुपारी आमच्या माळ्याचे काम तेवढ्यावरच थांबले. चौघेजण जमिनीवर सतरंजी टाकून एका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पाहत बसलो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८९८ पासून १९१९ पर्यंतच्या, रूझवेल्टांच्या आयुष्याशी संबंधित अशा १०४ चित्रफिती कोणालाही घरबसल्या पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. ४ मार्च १९०५ चा शपथविधी आहे. जानेवारी १९१९ मधली त्यांची अंत्ययात्रा आहे. आणि ऑक्टोबर १९१० मध्ये सेंट लुईस येथे ते विमानात बसले, तेही आहे. विमान म्हणजे काय, तर कापडाचे दोन पंख, मध्ये काठ्या आणि उघड्यावर बसलेली दोन माणसे! शेजारी बसलेला वैमानिक आर्च हॉक्सी त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला विमान कोसळून मरण पावला. त्या फितीत मात्र तो अजून रूझवेल्टांना घेऊन उडतो आहे आणि दर वेळी सुखरूप खाली उतरतो आहे.

आता गंमत पाहा. या फिती टिकल्या कशा? त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती ठिणगीने भडकते, आणि न भडकली तरी कालांतराने आपोआप कुजून तिचा चिकट लगदा किंवा भुकटी होते. तरीही अमेरिकेतली त्या काळची कितीतरी चित्रे वाचली, ती एका रूक्ष सरकारी नियमामुळे. १९१२ पर्यंत तिकडच्या कायद्यात चलच्चित्र असे वेगळे काही नव्हते. आपल्या चित्राची कोणी नक्कल करू नये म्हणून हक्क नोंदवायचा, तर तो छायाचित्र म्हणून नोंदवावा लागे. म्हणून निर्माते अख्खी फीत कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर छापत आणि ती गुंडाळी सरकारदरबारी जमा करीत. पुढे फिती नष्ट झाल्या, कागद मात्र राहिला. आणि अर्ध्या शतकानंतर त्या कागदावरून चित्रे पुन्हा फितीवर उतरवण्यात आली. कारकुनांच्या नावाने आपण एरवी बोटे मोडतो. पण ज्या कारकुनांनी त्या गुंडाळ्या मुकाट्याने कपाटात ठेवल्या, त्यांना एक नमस्कार करायलाच हवा.

दुसरे कारण असे की, रूझवेल्ट गेले त्याच वर्षी, म्हणजे १९१९ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ एक संस्था निघाली. नुसता पुतळा उभारून ती थांबली नाही. ज्या ज्या कंपनीकडे, ज्या ज्या माणसाकडे रूझवेल्टांची फीत असेल, तिथून ती मिळवण्याचा उद्योग तिने केला. पुढे तो सारा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयात गेला.

खरी फीत हाताशी नसली की काय होते, याचाही एक नमुना रूझवेल्टांच्याच चरित्रात आहे. अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ मध्ये ते आफ्रिकेत शिकारीला गेले. शिकागोच्या एका चित्रपट कंपनीला त्यांच्याबरोबर जायची परवानगी मिळाली नाही. मग त्या पठ्ठ्यांनी शिकागोतच रंगमंच उभा केला, रूझवेल्टांसारखा दिसणारा नट आणला, एक म्हातारा सिंह विकत आणला आणि आफ्रिकेतली शिकार चित्रित केली! चित्र धो धो चालले. दुसऱ्या वर्षी चेरी केर्टन यांनी आफ्रिकेत प्रत्यक्ष घेतलेले चित्र आले, ते त्या मानाने लोकांना फिकेच वाटले. सोंगाचा बाजार नेहमीच मोठा असतो. म्हणून तर अस्सल वस्तू जपून ठेवावी लागते.

"आपल्याकडचं असं कोणाचं आहे?" कन्येचा पुढचा प्रश्न आला.

हा प्रश्न येईपर्यंत मी मोठ्या ऐटीत बोलत होतो. आता थोडा आवाज उतरला. कारण आपल्याकडेही होते. त्याच वर्षीचे होते! रूझवेल्ट सप्टेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष झाले आणि डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत एका मराठी माणसाच्या कॅमेऱ्यासमोर दुसरा मराठी माणूस उभा राहिला. उभे राहिले ते रँग्लर परांजपे आणि कॅमेऱ्यामागे होते सावेदादा.

सावेदादा हे नाव उच्चारताच आमच्या पालघरच्या वर्गात दरवर्षी हटकून एक कुजबुज उठते. आमच्या या पट्ट्यात सावे आडनावाची घरे कितीतरी, तेव्हा "सर, म्हणजे आपल्याकडचे?" असे कोणीतरी विचारतेच. मला दरवर्षी त्या मुलांची निराशा करावी लागते. सावेदादा हे टोपणनाव. खरे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत त्यांचा फोटोचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली, त्या खेळांनी त्यांना वेड लावले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. ती फीत धुण्यासाठी पुन्हा विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर येण्यापूर्वी चौदा वर्षे हा दुसरा हरिश्चंद्र कामाला लागला होता.

आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे? दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. साहेबाच्या देशात, साहेबाच्या परीक्षेत, साहेबाच्या मुलांच्या पंक्तीत पहिला! त्या बातमीने महाराष्ट्रात केवढा आनंद झाला असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. तिकडेच राहून मोठी नोकरी मिळवणे त्यांना कठीण नव्हते. पण ते परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात थोड्या पगारावर शिकवू लागले. १९०१ च्या डिसेंबरात ते मुंबईला पोहोचले, तेव्हा त्यांचे जे स्वागत झाले ते सावेदादांनी चित्रित केले. भारतीयाने घेतलेला भारतातला पहिला वार्तापट तो हाच, असे चित्रपटांचे इतिहासकार सांगतात.

मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. आपल्या पहिल्या वार्तापटाचा नायक कोण, तर राजा नव्हे, सेनापती नव्हे, नट नव्हे, तर गणिताची परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला एक तरुण! विद्येसाठी गर्दी लोटली आणि ती टिपायला कॅमेरा धावला. पुढे त्याच घरात परांजप्यांच्या नात सई परांजपे यांनी 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' यांसारखे चित्रपट दिग्दर्शित केले. आजोबा कॅमेऱ्यासमोर आणि नात कॅमेऱ्यामागे, असे वर्तुळ पूर्ण झाले.

"दाखवा ना," चिरंजीव म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

काय दाखवणार? ती फीत आज नाही. सावेदादांच्या कुस्तीची नाही, रँग्लरांच्या स्वागताची नाही. आपल्याकडे कागदी गुंडाळ्या जमा करण्याचा नियम नव्हता. खेळ संपले की फितीची किंमत संपे. पुढच्या काळात तर फितीत चांदी असते म्हणून कितीतरी चित्रे चांदीसाठी वितळवली गेली. १९३१ चा 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, त्याचीही प्रत उरलेली नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचून गावोगावचे डबे गोळा केले, म्हणून जे थोडे उरले ते उरले. आणि त्यातल्याही कित्येक जुन्या नायट्रेट फिती जानेवारी २००३ च्या आगीत गेल्या.

तुम्ही म्हणाल, परांजप्यांचे फोटो आहेत, आत्मचरित्र आहे, फर्ग्युसन कॉलेज आहे. एक फीत गेली तर एवढे काय बिघडले? रूझवेल्टांच्या फिती पाहताना मला त्याचे उत्तर मिळाले. पहिल्यांदा आम्ही चौघेही रूझवेल्टांकडेच पाहत होतो. दुसऱ्यांदा पाहताना कन्या म्हणाली, "बाबा, तो मागचा मुलगा बघा, टोपी हातात धरून धावतोय." तिसऱ्यांदा आम्ही रूझवेल्टांकडे पाहिलेच नाही. घोडे, रस्ते, बायकांच्या टोप्या, कडेला उभी असलेली, नाव-गाव नसलेली माणसे, तेवढेच पाहत राहिलो. कॅमेरा मोठ्या माणसावर रोखलेला असतो, पण त्याच्या मागे जे आपसूक येते तेच पुढे मोलाचे ठरते. परांजपे कसे होते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना पाहायला आलेली १९०१ ची मुंबई कशी चालत होती, कशी हसत होती, ते मात्र त्या फितीबरोबर गेले.

हे झाले थोरामोठ्यांचे. पण ही गोष्ट आपल्या अंगणातही घडत असते, हे मला गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने शिकवले.

मी रोज बोईसरहून पालघरला जातो. पालघरच्या हुतात्मा चौकात पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. त्या दिवशी तिथे कॅमेरा नव्हता. तो दिवस पाहिलेली माणसे सांगत, तोवर तो दिवस होता. आता स्तंभ आहे आणि दरवर्षीचे अभिवादन आहे. वर्गात हे सांगून मी द्वितीय वर्षाच्या मुलांना निबंध दिला, 'आमच्या घरातली जुनी वस्तू'. बहुतेकांनी पाटा-वरवंटा, आजोबांचे घड्याळ, होडीचे वल्हे असे लिहिले. एका मुलीने मात्र पहिलेच वाक्य लिहिले होते, "आमचे गाव एका कॅसेटमध्ये आहे, पण ते कोणाला दिसत नाही."

ती पोफरणच्या घरातली. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. ते १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे तिसरा आणि चौथा संच आला, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवावी लागली. चौथा संच २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये पूर्णपणे चालू झाला. गावकऱ्यांना बोईसरजवळ नवी वस्ती मिळाली. या मुलीचा जन्म नव्या वस्तीतला. जुने गाव तिने पाहिलेलेच नाही. पण तिच्या काकांचे लग्न जुन्या गावात झाले होते आणि त्याची व्हिडिओ कॅसेट घरात होती. ती लावायचे यंत्र मात्र कोणाकडेच नव्हते. एका दुकानदाराने "करून देतो" म्हणून तीन महिने ठेवून घेतली आणि तशीच परत दिली.

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी जुना व्हीसीआर होता. कॅसेट उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. समुद्राकाठच्या दमट हवेत असेच व्हायचे. सहकाऱ्याने जमेल तेवढी पुसली आणि आम्ही दोघे यंत्र घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. घरची मंडळी, शेजारी, आणि मध्ये खुर्चीवर तिची आजी.

चित्र आले. नवरानवरी, अक्षता, वाजंत्री, सगळे रीतीप्रमाणे. आजी नवरीकडे पाहतच नव्हत्या. त्या नवरीच्या मागची भिंत पाहत होत्या. "ती आपली पडवी," त्या म्हणाल्या. पुढे व्हिडिओवाल्याला कंटाळा आला असावा. त्याने कॅमेरा अंगणाबाहेर फिरवला. विहीर दिसली, ओटा दिसला, तीन माड दिसले. घरात एकदम गलका झाला. "अरे, तो वाकडा माड!" "विहिरीवर कोण उभी आहे बघ!" आजी एकेकाचे नाव सांगू लागल्या. कोण कोणाचा, कोणाचे घर कुठे, कोण आता नाही. अकरा मिनिटे हे चालले. मग पडद्यावर मुंग्या आल्या, यंत्रातून करकर आवाज झाला आणि फीत आत अडकून तुटली.

मी फार ओशाळलो. बुरशी लागलेली फीत अशी चालवायची नसते, हे मला नंतर कळले. आजी म्हणाल्या, "असू द्या मास्तर. दिसलं ना एकदा." पण ती पोरगी मास्तरापेक्षा शहाणी निघाली. टीव्हीसमोर बसून तिने सारा वेळ आपला फोन धरून ठेवला होता. चित्र हलते आहे, कडेला कोणाचा तरी खांदा आला आहे. पण ती अकरा मिनिटे त्यात आहेत, आणि त्यावर आजींचा आवाज आहे, नावे सांगणारा. मूळ कॅसेटमध्ये नुसते लग्न होते. या नव्या फितीत गाव आहे. आजी आता रोज दिवेलागणीला नातीला म्हणतात, "गाव लाव गं."

असो. मी हे सांगत होतो तोवर आमची सतरंजी गुंडाळली गेली होती आणि न्यायालय पुन्हा भरले होते. माळ्यावरून शेवटचे खोके खाली आले. आत नऊ कॅसेटी. यंत्र घरात नाही, झाकणांवर नावे नाहीत. नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी मान खाली घातली.

प्रश्न आला नाही. सौभाग्यवतींनी एक कॅसेट उचलली, पदराने पुसली आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "ही आपल्या लग्नाची असेल, नाही? मंगलाष्टकं बाबांनी म्हटली होती." माझ्या सासऱ्यांना जाऊन आता सात वर्षे झाली. त्यांचा आवाज घरात दुसरा कुठेच नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही माळ्यावरून असे खोके खाली येईल. ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडा. बुरशी दिसली तर घाईने यंत्रात घालू नका. जाणत्या माणसाकडून फीत साफ करून घ्या आणि तिची नवी प्रत एकाला दोन ठिकाणी ठेवा. झाकणावर गाव, साल आणि माणसांची नावे लिहा. आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर त्यांना शेजारी बसवून ती पाहा. ते बोलतील ते टिपून घ्या. तुमच्या-आमच्यासाठी कोणी स्मारक संस्था काढणार नाही, आणि राष्ट्रीय ग्रंथालय आपल्या पडवीची चौकशी करायला येणार नाही. आपल्या घरचा तो गुंडाळ्या सांभाळणारा कारकून आपणच व्हायचे आहे.

आमच्या खटल्याचा निकाल सांगायचा राहिला. खोके माळ्यावर परत गेले नाही. ते आता बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, कोरड्या जागी आहे. भाऊबीज झाली की एका माहितगाराकडे जायचे आहे. खोक्यावर कन्येने ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'टाकायचे नाही'. आणि एका कानाचे ते अस्वल? त्याला खोक्यावर पहाऱ्याला बसवले आहे.